गाळलेलं वाक्य

बा चिनने विचारलं तेव्हा ती बदकाची अंडी मोजत होती.
मान वर न करता म्हणाली,
"ए उत्तरेकडच्या, विचार ह्याला,
इतक्या लांबून हा आला कशाला?"

चिन म्हणजे नववी. खरं तर आठवी.
मेकाँगच्या मुलखात थोरल्या पोराला 'दुसरा' म्हणतात.
पहिला कुणी नसतोच,
पहिल्यावर भुतांची नजर असते.
लेफ्टनंट हौगस्टाडला हे सांगितलं तेव्हा
त्याने हसत वहीत लिहून घेतलं.
त्याच्या देशाला कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं.

प्रश्न मी इंग्रजीत केला. छोटासाच झाला.
उत्तर लांबलं.
खिशातलं छापील कार्ड त्याने काढलं, परत ठेवलं,
म्हणाला, एक देश पडला की शेजारचा पडतो,
मग त्याच्या शेजारचा,
उभ्या मांडलेल्या सोंगट्यांसारखे, थेट समुद्रापर्यंत.
म्हातारीला सोंगट्या काय सांगायच्या?
मी म्हटलं, बांध.
एक फुटला की पाणी पुढच्याच्या खाचरात,
मग त्याच्या पुढच्याच्या.
"बरंच की," ती म्हणाली,
"पाणी पुढे सोडलं नाही तर भात कुजतो."
अंडी एकेचाळीस झाली होती.
मी त्याला सांगितलं, तिला पटतंय.

मला कुणी विचारलंच नाही.
विचारलं असतं तर पटकन सांगून झालं असतं:
चोपन्न साली, थान्ह होआत,
गावाने टाळ्या वाजवल्या आणि माझ्या बापाला
विटांच्या ढिगापाशी उभं केलं.
आरोप वाचणारा आमचाच गुराखी होता.
त्याचंही सगळंच खोटं नव्हतं.
मग बोट, आईच्या गाठोड्यात पितळी क्रूस आणि मीठ.
माझं युद्ध लांबचं नव्हतं.
हौगस्टाडचं नऊ हजार मैल लांब होतं,
म्हणून त्याला कारणं जास्त लागत.

"बांधाचं कळलं," बा चिन म्हणाली.
"पण बांध आमचा. हा का आला?"

त्याने हेल्मेट काढलं.
मागे वायरलेसवाला डब्यातले पीच खात होता,
चमच्याचा आवाज येत होता.
मग हळूच, कार्डावर नसलेलं, तो बोलला:
"आम्ही शब्द दिलाय.
आता मागे फिरलो तर बर्लिनपासून टोकियोपर्यंत
आमच्या शब्दाला विचारील कोण?"

ह्याला मात्र आमच्याकडे नेमका शब्द होता. पत.

तिने पहिल्यांदा वर पाहिलं.
बाजारातल्या चिनी वाण्याच्या वहीत
तिच्या नावाचं आख्खं पान होतं:
माशाचं पाणी, रॉकेल, नवऱ्याच्या शवपेटीच्या फळ्या.
"अगं बाई, म्हणजे हा कर्जात आहे!
विचार त्याला, देणं कुणाचं आहे?
आणि स्वतःचं देणं
हा माझ्या शेतात का फेडतोय?"

लेफ्टनंट माझ्याकडे पाहत थांबला होता.
नाकाची सालं निघालेली, वय तेवीस.
महिन्याची एक तारीख परवा होती.
मी म्हटलं, "ती म्हणतेय, अंडी घेऊन जा."

त्याने नोट पुढे केली.
ती माझ्याकडे बघत राहिली जरा वेळ,
मग डझनभर अंडी दिली,
सुटे मोजून, दोनदा मोजून, त्याच्या तळहातावर ठेवले.
उधारी ठेवली नाही.

फेब्रुवारीत कालव्यापाशी तो गेला.
बा चिनचं काय झालं, ते कळायच्या आत
आमची तुकडी हलली.

आता मी सेंट पॉलला असतो,
लोकांचे टॅक्सचे कागद भरून देतो.
त्या वाक्याचं इंग्रजी आता चोख जमतं.
दारातला बर्फ उपसताना कधी कधी मोठ्याने म्हणतो.
शेजारी हात हलवतो.
त्याला वाटतं, मी थंडीबद्दल बोलतोय.